बायकांचे वेडर्स: पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला ते

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायची गरज नाही. बायकांच्या मापाने शिवलेले ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर जाऊ देणारे, चेस्ट वेडर्स, स्टॉकिंगफूट प्रकारातले, सेलमध्ये चारशे डॉलरच्या आसपास पडले. नवे कोरे असताना लिहीत नाहीये, चांगले रगडून झालेत, गुडघ्यावर दोन ठिकाणी गोंदाचे डाग पडलेत. फिटिंगला पैकीच्या पैकी, बाथरूमच्या सोयीला पैकीच्या पैकी, खिशांना काठावर पास आणि कंपनीच्या रिपेअर खात्याला नापास. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एक तर ही मॉडेल्स दर दोनेक वर्षांनी बदलतात, आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीचे घेतलेत तरी उपयोगी पडेल.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी, वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ डंगरी, खाली निओप्रीनचे, म्हणजे जाड रबरी फोमचे, मोजे तिलाच जोडलेले, त्यावर वेगळे बूट घालायचे. नदीत कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहून फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांच्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरणं, करायचं तर आमच्या भागात हे लागतातच. पुण्याहून सगळे विचारतात जूनमध्ये कसलं ते रबर घालतेस, हाफ पँटवर जा की. जूनमध्ये इथे न्यूजर्सीत, एडिसनला, घामाच्या धारा लागतात हे खरंय पण आम्ही गाडी काढून जातो वर न्यूयॉर्क राज्यात, कॅटस्किल्सला, आणि तिथली डेलावेअर नदीची वेस्ट ब्रँच, म्हणजे पश्चिमेकडचा फाटा, हे कॅननसव्हिल धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी. न्यूयॉर्क शहराच्या नळाला येतं तेच धरण हे. तळाचं पाणी भर उन्हाळ्यातही इतकं गार असतं की वेडर्सशिवाय पाय घातलात तर पाच मिनिटांत बोटं आहेत का गेली ते कळत नाही. आणि ट्राउट मासे तिथे आहेत ते त्या गारव्यामुळेच. पाणी ७० फॅरेनहाइटच्या पुढे गेलं की ट्राउटला ऑक्सिजन पुरत नाही, पकडून सोडला तरी मरतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शेजारची बीव्हरकिल नदी तापली की शहाणी माणसं तिथे गळच टाकत नाहीत, धरणाखालच्या पाण्यावर येतात.

तर आता फिटिंग. माझी उंची पाच फूट एक इंच, बूट अमेरिकन साइज सहाचा, आणि बांधा आपल्याकडच्या चाळिशीतल्या बाईचा असतो तसा, म्हणजे वर कमी आणि कमरेखाली भरपूर. हे घ्यायच्या आधी मी पुरुषांचे स्मॉल वापरत होते कारण दुकानात तेच होते. ते वर हनुवटीपर्यंत यायचे, कमरेला पट्टा आवळला की पोत्याचं तोंड बांधल्यासारखं दिसायचं, त्यातल्या निओप्रीनच्या मोज्याची बुटात घडी पडायची आणि संध्याकाळपर्यंत टाचेला फोड ठरलेला. पण दिसण्याचं आणि फोडाचं सोडा, खरा प्रॉब्लेम होता तो दोन पायांच्या मधल्या शिवणीचा. ती इतकी खाली लोंबायची की गुडघा वर उचलताच यायचा नाही, आणि नदीतल्या शेवाळलेल्या दगडांवरून चालताना गुडघा उचलता न येणं म्हणजे पडणं. दुकानदार म्हणाला सगळ्या बायका हेच नेतात, थोडे ढगळ बरे असतात, आत थर्मल घालता येतात. ढगळ म्हणे. वाहत्या पाण्यात ढगळ कपडा म्हणजे शिडाचं कापड, पाणी त्याला धरून तुम्हाला ओढतं.

या नव्यांमध्ये कंबर आणि नितंब वेगवेगळ्या मापाने घेतलेत, आणि स्मॉलमध्येसुद्धा शॉर्ट, रेग्युलर आणि जरा रुंद असे उपप्रकार आहेत, मोज्याचं मापही पायाप्रमाणे वेगळं येतं. मी स्मॉल शॉर्ट घेतला. पहिल्यांदा घालून हॉलमध्ये सोफ्यावर एक पाय ठेवून बघितला, मग खाली उकिडवी बसले, मग उठले, शिवण कुठे ओढली नाही. ही टेस्ट दुकानातच करा, लाजू नका, पाच पायऱ्यांची शिडी असेल तर चढून बघा. उकिडवं बसताना मागून ओढ बसली तर ते माप तुमचं नाही, मग चार्टवर काहीही लिहिलेलं असो. पट्ट्यांचंही बघून घ्या, पुरुषांच्या वेडर्सचे खांद्याचे पट्टे छातीच्या मधोमध कुठेतरी भलत्याच जागी येतात, इथे ते बाजूने नेलेत, रॉड मागेपुढे हलवताना काचत नाहीत.

मला राग या गोष्टीचा येतो की हे सगळं इतक्या उशिरा आलं. या खेळात बायका काही काल-परवा आलेल्या नाहीत. मेन राज्यात १८९७ मध्ये शिकार-मासेमारीच्या गाइडना रजिस्टर करायला सुरुवात झाली तेव्हा पहिला लायसन्स मिळाला तो कॉर्नेलिया क्रॉसबी नावाच्या बाईला, लोक तिला फ्लाय रॉड क्रॉसबीच म्हणायचे. न्यूयॉर्कमध्ये बायकांचा स्वतःचा फ्लाय फिशिंग क्लब १९३२ साली निघाला. आणि आमच्या न्यूजर्सीची, पॅटरसनमध्ये १९२६ साली जन्मलेली जोन वुल्फ, हिने १९५१ मध्ये लांब कास्ट टाकायच्या, म्हणजे रॉडने दोरी लांब फेकायच्या, स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागे टाकलं, आणि १९६० मध्ये १६१ फूट लांब कास्ट टाकली. १६१ फूट! मी वाऱ्याच्या दिवशी पन्नास फुटाला खूश असते. पुढे तिने आणि नवऱ्याने, ली वुल्फने, १९७९ मध्ये कॅटस्किल्समध्येच बीव्हरकिलच्या काठी शाळा काढली. ताकदीवर नाही, मनगट आणि कोपर कधी थांबवायचं त्यावर कास्ट जाते हे तिने नीट बसवून शिकवलं, आणि म्हणूनच हा खेळ आमच्यासारख्या पाच फुटीला पण जमतो. रॉस्को गावात विनी डेट आणि जवळच एल्सी डार्बी या बायकांनी नवऱ्यांच्या बरोबरीने बसून आयुष्यभर फ्लाय बांधल्या, कोंबड्याच्या मानेवरचं पीस हुकाला गुंडाळून केलेलं ते किड्याचं सोंग, अजूनही कॅटस्किल स्टाइल म्हणून जगभर नावाजतात. म्हणजे शंभर वर्षं बायका कास्ट टाकतायत, फ्लाय बांधतायत, पण त्यांच्या मापाची पँट शिवायला कोणाला सुचलं नाही. मग सुचलं तेव्हा पहिल्यांदा काय केलं तर पुरुषांचाच स्मॉल घेतला आणि त्याला जांभळी पट्टी लावली. माझ्याकडे तसलं एक जॅकेट अजून आहे कपाटात.

माझी आजी मालवणकडची. ओहोटीला खाडीत तिसऱ्या काढायला जायच्या बायका, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, लुगडं मांडीपर्यंत वर खोचलेलं, गुडघाभर चिखलात वाकून तासन्‌तास. तो कपडा कामाचा होता, त्यात वाकता यायचं, बसता यायचं, पळता यायचं. तेवढी अक्कल चारशे डॉलरमध्ये मिळायला हवी एवढीच अपेक्षा.

आता तो विषय, ज्याबद्दल दुकानातला कोणी तोंड उघडत नाही आणि जो बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुरुषांच्या वेडर्सला आता पुढून वॉटरप्रूफ चेन येते, झालं त्यांचं. आपल्याला काय करावं लागायचं तर नदीतून बाहेर या, रेनकोट काढा, कमरेचा पट्टा काढा, पाठीवरची बॅग काढा, खांद्याचे पट्टे सोडा, अख्खी डंगरी घोट्यापर्यंत उतरवा आणि हे सगळं झुडपाआड, जिथे पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल आहे आणि हरणांच्या गोचिडी आहेत, ज्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. म्हणून बायका काय करतात तर पाणीच पीत नाहीत. मी स्वतः पाहिलंय, सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत एक घोट नाही, आणि मग उन्हात चक्कर. ही गंमत नाहीये.

या वेडर्सला मागून एका कुल्ल्यापासून दुसऱ्यापर्यंत कमानीसारखी वॉटरप्रूफ चेन आहे. वरचं जॅकेट अंगावर तसंच, खांद्याचे पट्टे तसेच, फक्त कमरेचा पट्टा सैल करायचा, चेन उघडायची आणि मागचा भाग खाली पडतो. पहिल्या वेळी घरी प्रॅक्टिस करा, नदीवर पहिल्यांदा करायला जाऊ नका, हात मागे नेऊन ती चेन पूर्ण बंद झाली का ते बोटाने चाचपून बघायची सवय लागावी लागते. शेवटचा अर्धा इंच जरा जड जातो. चेनला महिन्यातून एकदा तिच्यासोबत आलेलं वंगण लावलं की सुरळीत, नाही लावलं तर अडते. मैत्रिणीला विचारलं तुला यात सगळ्यात काय आवडलं तर ती म्हणाली मी आता नदीवर चहा पिते. बास.

पाण्यात कसे आहेत ते सांगते. गेल्या मे महिन्यात हेंड्रिक्सन निघाल्या होत्या, म्हणजे एक प्रकारची मेफ्लाय, एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीला दुपारी दोन-तीनच्या सुमाराला पाण्यातून वर येते, थोडा वेळ पृष्ठभागावर पंख वाळवत तरंगते आणि उडते, आणि त्या तरंगण्याच्या वेळात ट्राउट खालून टिपून घेतो. तेव्हा अख्ख्या नदीवर एका माणसाचं लक्ष दुसरीकडे नसतं. मी वेस्ट ब्रँचवरच्या हेल एडी या जागेच्या खाली होते, पाणी मांड्यांच्या वर, आणि समोर एका खडकाच्या मागे एक मासा ठरावीक वेळाने नाक वर काढत होता. आवाज पण नाही, नुसतं एक वर्तुळ. त्याच्यापर्यंत जायला मधल्या खोल धारेतून आडवं जावं लागत होतं, म्हणजे एक पाय रोवायचा, दुसरा प्रवाहाच्या विरुद्ध सरकवत दगडामागे टेकवायचा, मग वजन टाकायचं. जुन्या ढगळ्यांमध्ये मी तिथे गेलेच नसते. इथे गुडघा मोकळा उचलला जातो, आत एक थर्मल घातला तरी घडी पडत नाही, आणि कापड पाण्यात फडफडत नाही. पोचले, बाराव्या की कितव्या कास्टला माझी फ्लाय त्याच्या वर्तुळात वाहत गेली आणि गेली आत. ब्राउन ट्राउट, पोटाला लोण्यासारखा पिवळा, अंगावर तांबडे ठिपके, त्या ठिपक्यांभोवती फिकट कडं. हात ओला करून धरला, हुकाचा काटा आधीच चपटा केलेला असतो, लगेच सुटला, आणि गेला परत.

आईला व्हिडिओ पाठवला तर तिचा एकच प्रश्न, सोडायचाच होता तर पकडलास कशाला. कोकणातल्या घरात याचं उत्तर नाही. मी आता देत पण नाही.

पट्ट्याचं मात्र सांगते. कमरेचा पट्टा शोभेचा नाही, पडलात तर वरून पाणी आत भरू नये म्हणून आहे, थोडी हवा पण आत अडकते त्याने. पाणी भरलं की वेडर्स तुम्हाला तळाला ओढून नेतात असं सगळे घाबरवतात, तसं होत नाही, पाण्यात पाण्याचं वजन नसतं, ली वुल्फने तर हे दाखवायला वेडर्स घालून पुलावरून नदीत उडी मारली होती. पण भरलेल्या वेडर्सनी काठावर चढणं भयंकर कठीण, आणि पाणी गार असेल तर तेवढी ताकद राहत नाही. यांच्यासोबत आलेला पट्टा गुळगुळीत नायलॉनचा आहे, ओला झाला की सरकतो, मी तो बदलून रबरी दातांचा इलॅस्टिक घेतला, वेगळे वीस-पंचवीस डॉलर. चारशेच्या वस्तूत एवढा पट्टा नीट द्यायला काय झालं होतं? आणि निघण्याआधी यूएसजीएस या सरकारी खात्याच्या साइटवर हेल एडीचं गेज, म्हणजे पाण्याच्या पातळीचं माप, बघून जा, धरणातून किती पाणी सोडलंय ते कळतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला असू शकतं.

खिसे. समोर एक मोठा खिसा आहे, आत एक जाळीचा आणि फोनसाठी म्हणून चेनचा. फोनचा खिसा वॉटरप्रूफ लिहिलाय पण तो शिंतोड्यांपुरता, पाण्याखाली गेला तर फोन गेला. आणि मोठ्या खिशाचं तोंड इतकं अरुंद की फ्लायचा डबा आडवा घालावा लागतो. हात गरम करायचा खिसा मात्र आतून मऊ आहे, नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत कळते. नोव्हेंबरमध्ये मी घराजवळच, केन लॉकवुड गॉर्जला जाते, कॅलिफॉनजवळ, रॅरिटनच्या साउथ ब्रँचवर, बीचची पिवळी पानं पाण्यातून जात असतात आणि दर दुसऱ्या कास्टला हुकाला एक पान. मासा लागो न लागो चालायला ती जागा सुंदर आहे, मुलांना घेऊन पण जाता येतं.

आता तो कापलेला स्टार. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला डाव्या मांडीच्या आतल्या शिवणीतून ओल यायला लागली. वेडर्स बहुतेक तिथूनच किंवा गुडघ्यावरून फुटतात, चालताना दोन्ही मांड्या घासतात म्हणून, यात नवल काही नाही. कंपनीला मेल केला. उत्तर आलं धुऊन वाळवून पाठवा. पाठवले. मग आठवडे गेले, मग उत्तर आलं की हे झीज आहे, वॉरंटीत बसत नाही, इतके पैसे भरा. पैसे भरायलाही मी तयार होते पण तोपर्यंत हेंड्रिक्सनचा अख्खा सीझन गेला, वेडर्स त्यांच्याकडे आणि मी इकडे जुन्या ढगळ्यांत. वर रिपेअर होऊन आले तेव्हा मांडीची शिवण ठीक होती आणि चेनच्या कोपऱ्यात नवीन ओल. कस्टमर केअरच्या मुलाने मला विचारलं की मॅडम तुम्ही ते नक्की नदीतच वापरता का. नाही रे बाबा, पोहे करताना घालते.

म्हणून घरीच करायचं शिका, अवघड नाही. वेडर्स पूर्ण वाळवून उलटे करायचे, रबिंग अल्कोहोल, म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल, स्प्रेच्या बाटलीत भरायचं आणि आतल्या बाजूने फवारायचं. गोरटेक्ससारख्या मेंब्रेनवर, म्हणजे कापडातल्या वॉटरप्रूफ पापुद्र्यावर, जिथे सुईएवढं भोक असेल तिथे गडद ठिपका उठतो, अगदी पेनाने टिंब दिल्यासारखा. मला गुडघ्याजवळ तीन सापडले जे डोळ्यांना दिसतच नव्हते. त्यावर अ‍ॅक्वासील या वॉटरप्रूफ गोंदाचा थेंब, बोटाने पसरून रात्रभर सोडून द्यायचं. घरात कोणाला वासाचा त्रास असेल तर गॅरेजमध्ये करा, आमच्याकडे सासूबाईंनी विचारलं बाथरूममध्ये हॉस्पिटलसारखा वास का येतोय.

धुणं गार पाण्यात, साधी पावडर, सॉफ्टनर अजिबात नको. वाळवताना पाय वर करून टांगा म्हणजे मोज्यात ओल राहत नाही. पण त्याआधी बुटांचा चिखल नदीवरच घासून काढा आणि घरी येऊन ते पूर्ण कोरडे होऊ द्या. डेलावेअरच्या दोन्ही फाट्यांवर डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल सापडलेलं आहे, शेवाळ्यासारखं दगडांवर चढतं, ओल्या बुटांना चिकटून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी नमद्याच्या, तळव्यात ते जास्त वेळ ओलं राहतं म्हणून मेरीलँड आणि अलास्कासारख्या राज्यांत फेल्टचे बूट बंद आहेत, यलोस्टोन नॅशनल पार्कमध्येही नेता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये चालतात पण मी रबराचेच घेतले, टंगस्टनचे खिळे लावून. फेल्टइतकी पकड नाही, खोटं कशाला बोलू, पण सगळीकडे चालतात.

बूट वेगळे घ्यायचे हे लक्षात असू द्या, वेडर्ससोबत येत नाहीत, शंभर ते दोनशेचा वेगळा खर्च, आणि आतला निओप्रीन जाड असतो म्हणून रोजच्या मापापेक्षा एक साइज मोठे. लायसन्सचंही तसंच, आपलं न्यूजर्सीचं तिकडे चालत नाही, न्यूयॉर्कचं वेगळं काढावं लागतं, ऑनलाइन मिळतं. वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर हे वेडर्स घेऊ नका, रॉस्कोकडच्या दुकानांत विचारा, भाड्याने मिळतात का ते. नियमित जाणार असाल तर घ्या, आणि सेल लागतो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर, तेव्हा घ्या. मार्चपर्यंत थांबलात तर स्मॉल शॉर्ट संपलेले असतात, कंपन्यांना वाटतं एवढ्या बुटक्या बायका येतात कुठून, म्हणून बनवतातच मोजके, आणि मग एप्रिलअखेर तुम्ही परत पुरुषांच्या स्मॉलमध्ये.